सर्व्हरलेस लॉगमध्ये कोरिलेशन आयडी: पहिल्या फंक्शनपासून शेवटच्यापर्यंत

दिवाळी अंकांची ऑनलाइन मागणी घेणारं एक छोटं दुकान आहे असं समजू. वाचक अंक निवडतो, पैसे भरतो, थोड्या वेळाने त्याला पावती आणि एसएमएस येतो. मागची सगळी रचना एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर), सर्व्हरलेस: सर्व्हर आपण सांभाळत नाही, कोडचे छोटे तुकडे गरजेपुरते चालतात. बाहेरच्या विनंत्या घेणाऱ्या एपीआय गेटवेच्या मागे ‘मागणी’ नावाचं लॅम्डा फंक्शन, म्हणजे असा एक तुकडा, आहे. ते एसक्यूएसच्या क्यूमध्ये (मेसेजांच्या रांगेत) मेसेज टाकतं. ‘वसुली’ फंक्शन तो उचलून पैशांचं बघतं आणि पैसे जमा झाले की एसएनएसवर (एक मेसेज अनेकांना पोहोचवणारी सेवा) तसं जाहीर करतं. ते ऐकून ‘पावती’ आणि ‘एसएमएस’ ही दोन फंक्शनं आपापल्या कामाला लागतात. आता ऐन गर्दीत एका वाचकाचा मेल येतो: पैसे गेले, पावती आली नाही.

सगळं एकाच सर्व्हरवर चालायचं तेव्हा लॉगची फाइल उघडून ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारला की निम्मं काम व्हायचं. लॅम्डात प्रत्येक फंक्शनचा क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसची लॉग ठेवणारी सेवा) वेगळा लॉग ग्रुप असतो आणि त्या ग्रुपमध्ये प्रत्येक एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे फंक्शनच्या प्रत्येक चालत्या प्रतीचा, वेगळा लॉग स्ट्रीम. गर्दीत एका फंक्शनची पन्नास एन्व्हायर्नमेंट एकदम चालू असली तर पन्नास स्ट्रीम होणार. चार फंक्शनं धरली तर त्या वाचकाच्या आठ-दहा ओळी कुठे सांडल्यात हे नुसत्या वेळेवरून ताडणं जवळपास अशक्य.

एनईएफटीचे पैसे पोहोचले नाहीत की आपण यूटीआर नंबर मागतो. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेचे आपापले नोंद क्रमांक असतातच, पण दोन्हीकडे तोच व्यवहार दाखवणारा नंबर यूटीआर. कोरिलेशन आयडी हे तेच काम लॉगमध्ये करतो: एका मागणीमुळे जे जे काही घडलं, त्या प्रत्येक ओळीवर एकच आयडी.

आयडी बनवणं एका ओळीच्या कोडचं काम आहे. तो प्रत्येक सांध्यावरून पुढच्या फंक्शनात उतरतोय का, हे बघण्यातच सगळा वेळ जातो. त्यामुळे या लेखातही जास्त जागा सांध्यांनाच दिली आहे.

लॅम्डाचा रिक्वेस्ट आयडी का पुरत नाही

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. लॅम्डा प्रत्येक इन्व्होकेशनला (फंक्शन चालवण्याच्या प्रत्येक वेळेला) रिक्वेस्ट आयडी देतं, तो कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये मिळतो, आणि स्टार्ट, एंड, रिपोर्ट या ओळींवर आपोआप छापलाही जातो. पण तो त्या एका फंक्शनच्या त्या एका इन्व्होकेशनपुरता. एपीआय गेटवेचा रिक्वेस्ट आयडी वेगळा, एसक्यूएसचा मेसेज आयडी वेगळा, ‘पावती’चा आणखी वेगळा. शिवाय असिंक्रोनस (उत्तराची वाट न बघता केलेलं) इन्व्होकेशन फसलं की लॅम्डा ते पुन्हा करून बघतं, मूळ सेटिंगनुसार आणखी दोनदा, आणि या फेऱ्यांना रिक्वेस्ट आयडी तोच राहतो. म्हणजे एका व्यवहाराला अनेक रिक्वेस्ट आयडी, आणि कधी एका रिक्वेस्ट आयडीला अनेक फेऱ्या.

तरीही तो टाकून देऊ नका. फंक्शन टाइमआउटने मारलं गेलं की ‘टास्क टाइम्ड आउट’ ही ओळ लॅम्डा स्वतः लिहितं. तिथे तुमचा लॉगर चालत नाही, त्यामुळे तुमचा आयडीही नसतो, फक्त रिक्वेस्ट आयडी असतो. तुमच्या प्रत्येक ओळीवर दोन्ही आयडी असतील तर टाइमआउटच्या ओळीवरून मूळ व्यवहारापर्यंत पोहोचता येतं. आणि आयडी हातात आल्या आल्या, काम सुरू करण्याआधी, एक ओळ लिहून टाका. नाहीतर जोडायला काहीच सापडत नाही.

पायरी १: लॉग जेसनमध्ये आणा

‘पैसे जमा झाले, मागणी २०४५’ अशी गद्य ओळ माणसाला वाचायला छान, पण शोधायला त्रासदायक. ओळ जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साच्यात) असेल तर क्लाउडवॉच लॉग्ज इनसाइट्स हे लॉग शोधायचं साधन तिच्यातली फील्ड्स आपणहून ओळखतं. एखादी ओळ साधारण अशी दिसावी. इथे वाचायला सोपं म्हणून फील्डची नावं देवनागरीत आहेत आणि आयडी आखूड केलाय:

{"स्तर": "एरर", "फंक्शन": "वसुली", "कोरिलेशन_आयडी": "७३१०-५५२९", "रिक्वेस्ट_आयडी": "४४०१-९८२६", "मागणी_क्र": "२०४५", "संदेश": "पेमेंट गेटवेचं उत्तर आलं नाही"}

नोव्हेंबर २०२३ पासून लॅम्डाच्या सेटिंगमध्येच लॉगचा फॉरमॅट जेसन निवडता येतो. मात्र पायथॉनमध्ये हे लॉगिंग मॉड्यूलने लिहिलेल्या ओळींनाच लागू होतं. प्रिंटने छापलेली ओळ तशीच साधी जाते. जुन्या कोडमध्ये प्रिंट पसरलेले असतील तर ते आधी वेचून काढा.

मागणी क्रमांक आणि कोरिलेशन आयडी वेगळे ठेवलेत याकडे लक्ष द्या. एकाच मागणीसाठी वाचक तीनदा बटण दाबू शकतो. ते तीन वेगळे प्रवास आहेत, म्हणून आयडीही तीन. मागणी क्रमांकावरून तिन्ही सापडतील, आयडीवरून नेमका एक.

पायरी २: आयडी दारातच जन्माला घाला

व्यवहार प्रणालीत जिथे शिरतो, तिथे एकदाच आयडी ठरवायचा. आपल्या उदाहरणात ते ठिकाण ‘मागणी’ फंक्शन. नियम सोपा: विनंतीसोबत आयडीचा हेडर आला असेल तर तो तपासून घ्या, नसेल तर नवा बनवा. मधल्या कुठल्याही फंक्शनात आयडी मिळाला नाही तर तिथेही नवा बनवा, पण सोबत ‘आयडी आला नव्हता’ अशी वॉर्निंग लिहा. गुपचूप नवा बनवलात तर साखळी कुठे तुटली हे कधीच कळणार नाही.

हेडरचं नाव बहुतेक जण ‘एक्स-कोरिलेशन-आयडी’ ठेवतात. हे रूढ नाव आहे, कुठलं प्रमाण नाही. प्रमाण हवंच असेल तर डब्ल्यूथ्रीसीने २०२० मध्ये शिफारस म्हणून मान्य केलेला ‘ट्रेसपॅरंट’ हेडर आहे, ओपनटेलिमेट्री ही विनंतीचा माग ठेवणारी खुली प्रणाली तोच वापरते. नवख्या टीमने आधी साध्या हेडरने काम चालवावं असं माझं मत. सगळे सांधे जोडून झाले की ट्रेसपॅरंटकडे जाणं अवघड नसतं.

आयडी म्हणून यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारी लांब ओळख) पुरतो. नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलमध्ये आणि पायथॉनच्या यूयूआयडी मॉड्यूलमध्ये तो तयार मिळतो, वेगळी लायब्ररी आणायची गरज नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९५६२ मधली सातवी आवृत्ती वेळेनुसार क्रमाने लागते. डेटाबेसच्या कीसाठी ती सोयीची, पण लॉगमध्ये वेळ वेगळी असतेच, त्यामुळे इथे चौथी आवृत्तीही चालते. मोबाइल नंबर, ईमेल, आधार क्रमांक यांतलं काहीही आयडी म्हणून वापरू नका. कोरिलेशन आयडी लॉगमध्ये, हेडरमध्ये, त्रयस्थ सेवांकडे, सपोर्टच्या मेलमध्ये, सगळीकडे फिरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर तर लॉगमध्ये लोकांची माहिती सांडणं मुद्दाम ओढवून घेतलेलं दुखणं ठरेल.

बाहेरून आलेल्या आयडीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुणी त्यात नवी ओळ घुसवून खोटी लॉग ओळ तयार करू शकतो किंवा भलीमोठी स्ट्रिंग पाठवू शकतो. लांबीला मर्यादा घाला, समजा ६४ अक्षरं, आणि फक्त रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ चालू द्या. बसत नसेल तर तो फेकून नवा बनवा.

इथले दोन खड्डे बऱ्याच जणांना लागतात. एचटीटीपी एपीआयच्या २.० पेलोडमध्ये हेडरची नावं लहान लिपीत येतात, तर रेस्ट एपीआयमध्ये क्लायंटने जशी पाठवली तशी. म्हणून हेडर शोधताना लहान-मोठ्या लिपीचा भेद मानू नका. दुसरा खड्डा उत्तर पाठवताना. आयडी उत्तराच्या हेडरमध्ये जरूर परत द्या, म्हणजे एररच्या पडद्यावर तो दाखवता येतो आणि वाचक तोच मेलमध्ये चिकटवतो. पण वेबसाइट आणि एपीआय वेगवेगळ्या डोमेनवर असतील तर ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला हा हेडर दिसत नाही. त्यासाठी कॉर्सच्या (दुसऱ्या डोमेनला काय दिसावं हे ठरवणाऱ्या नियमांच्या) सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-एक्सपोझ-हेडर्स’ मध्ये त्याचं नाव घालावं लागतं.

पायरी ३: लॉगरला चिकटवा, आणि आधीचा पुसा

प्रत्येक लॉग ओळीत हाताने आयडी लिहायचा ठरवलात तर आठवड्यात कुणीतरी विसरणार. आयडी लॉगरलाच जोडा, म्हणजे लिहिणाऱ्याला आठवण ठेवावी लागत नाही. ‘पॉवरटूल्स फॉर एडब्ल्यूएस लॅम्डा’ ही लायब्ररी पायथॉन, टाइपस्क्रिप्ट, जावा आणि डॉटनेटसाठी आहे. इव्हेंटमध्ये आयडी कुठे सापडेल तो मार्ग तिच्या लॉगरला सांगितला की पुढच्या सगळ्या ओळींवर आयडी येतो. नवीन प्रकल्पात मी स्वतःचा लॉगर लिहीत बसणार नाही.

आता सर्वांत फसवी गोष्ट. लॅम्डा एन्व्हायर्नमेंट एका इन्व्होकेशननंतर फेकून देत नाही, पुढच्या विनंतीसाठी तेच वापरतं. हँडलरच्या (प्रत्येक इन्व्होकेशनला चालणाऱ्या मुख्य कोडच्या) बाहेरची ग्लोबल व्हेरिएबल्स तशीच जिवंत राहतात. आयडी तिथे ठेवलात आणि पुढच्या मेसेजमध्ये आयडी आलाच नाही, तर त्या अनोळखी व्यवहाराच्या ओळींवर आधीच्या वाचकाचा आयडी बसतो. आयडी नसणं परवडलं, चुकीचा असणं नाही. नसेल तर तुम्ही निदान दुसरीकडे शोधता. चुकीचा असेल तर दुसऱ्याच माणसाचे पैसे अडकले असं समजून बसता. म्हणून हँडलरची पहिली ओळ आधीचा संदर्भ पुसणारी हवी. पायथॉनच्या पॉवरटूल्समध्ये यासाठी ‘क्लिअर स्टेट’ हा पर्याय आहे, पण तो आपणहून चालू नसतो.

नोडमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू ठेवणार असाल तर ‘असिंकलोकलस्टोरेज’ वापरा, पायथॉनमध्ये ‘कॉन्टेक्स्टव्हार्स’. आयडी प्रत्येक फंक्शनला पॅरामीटर म्हणून देत फिरण्यापेक्षा हे बरं.

पायरी ४: सांधे

एचटीटीपीने दुसऱ्या सेवेला हाक मारताना हेडर जोडायचा, एवढंच. ज्या एका मॉड्यूलमधून सगळ्या बाहेरच्या हाका जातात तिथे एकदा लिहिलं की झालं. असिंक्रोनस सांधे मात्र प्रत्येक जण आपल्या तऱ्हेचे.

एसक्यूएस. आयडी मेसेज अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (मेसेजसोबत जाणाऱ्या जादा माहितीत) ठेवा, बॉडीला हात लावायला नको. एका मेसेजला दहाच अ‍ॅट्रिब्यूट मिळतात, तेवढं लक्षात असू द्या. लॅम्डाला मेसेज मिळतो तेव्हा अ‍ॅट्रिब्यूट आपोआप सोबत येतात. पण तोच क्यू एखादा कंटेनर किंवा स्क्रिप्ट वाचत असेल, तर मेसेज मागताना अ‍ॅट्रिब्यूटची नावं स्पष्ट मागावी लागतात, नाहीतर ती येतच नाहीत. मेसेज डेड लेटर क्यूमध्ये (वारंवार फसलेले मेसेज जिथे जातात त्या रांगेत) गेला तरी अ‍ॅट्रिब्यूट टिकतात, आणि आयडीची सर्वांत जास्त गरज तिथेच पडते.

एसक्यूएसचा खरा गुंता बॅचचा आहे. लॅम्डा मूळ सेटिंगमध्ये एका इन्व्होकेशनला दहापर्यंत मेसेज देतं. म्हणजे दहा वाचकांचे दहा आयडी एकाच हँडलरमध्ये. इथे इन्व्होकेशनच्या सुरुवातीला एकदा आयडी लावून भागत नाही. मेसेजांवर फिरणाऱ्या लूपच्या आत, प्रत्येक मेसेजला, आधीचा पुसून नवा लावायचा. तयार डेकोरेटर (हँडलरभोवती गुंडाळायचा कोड) वापरणारे इथे हमखास अडकतात, कारण डेकोरेटर हँडलरभर एकच आयडी लावतो.

एसएनएस. इथेही मेसेज अ‍ॅट्रिब्यूट आहेत, पण लॅम्डाला मिळणाऱ्या इव्हेंटमध्ये त्यांचा साचा वेगळा: एसएनएसमध्ये किंमत ‘व्हॅल्यू’ खाली, एसक्यूएसमध्ये ‘स्ट्रिंगव्हॅल्यू’ खाली. एसएनएस आणि लॅम्डाच्या मध्ये एसक्यूएस बसवला तर आणखी एक वळण. ‘रॉ मेसेज डिलिव्हरी’ बंद असेल तर एसएनएसची अ‍ॅट्रिब्यूट एसक्यूएसच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये उतरत नाहीत, ती बॉडीमधल्या जेसनच्या पोटात असतात. रॉ डिलिव्हरी चालू केली की ती जागेवर येतात, मात्र दहापेक्षा जास्त असली तर मेसेज क्यूपर्यंत पोहोचतच नाही. आयडी काढून देणारं एकच फंक्शन लिहा, त्यात या सगळ्या शक्यता बघा, आणि ते सगळीकडे वापरा.

इव्हेंटब्रिज (घटना वाटणारी सेवा). अ‍ॅट्रिब्यूट नाहीत, त्यामुळे आयडी ‘डिटेल’च्या आत जातो. त्यात ‘मेटाडेटा’ आणि ‘डेटा’ असे दोन कप्पे पहिल्या दिवसापासून करा. नंतर साचा बदलायचा तर ऐकणाऱ्या प्रत्येक टीमची मनधरणी करावी लागते. ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांना मागे कुणी नसतं, तिथे नवा आयडी बनवणं हेच बरोबर.

किनेसिस (डेटाचा सतत प्रवाह वाहणारी सेवा). इथेही फक्त पेलोड, म्हणजे पाठवलेला मजकूर. रेकॉर्डमध्येच आयडीसाठी जागा ठेवा.

डायनॅमोडीबी स्ट्रीम्स (डेटाबेसमधल्या बदलांचा प्रवाह). स्ट्रीममधून टेबलची ओळ येते, विनंती नाही. म्हणून आयडी ओळीतच एक अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहावा लागतो, आणि स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये नवी प्रतिमा (न्यू इमेज), म्हणजे बदलानंतरची ओळ, समाविष्ट हवी. फक्त की पाठवणाऱ्या स्ट्रीममध्ये आयडी येणार नाही. प्रत्येक अपडेटमध्ये हा अ‍ॅट्रिब्यूट नव्याने लिहा. एखाद्या अपडेटने तो तसाच सोडला तर आजच्या बदलावर मागच्या महिन्यातला आयडी लागतो.

एस-थ्री (फाइल साठवणारी सेवा). ‘पावती’ फंक्शन पीडीएफ बकेटमध्ये ठेवतं आणि ती फाइल बघून दुसरं फंक्शन चालतं, असं असेल तर आयडी फाइलच्या मेटाडेटामध्ये ठेवता येतो. पण एस-थ्रीच्या सूचनेत तो मेटाडेटा येत नाही. ऐकणाऱ्या फंक्शनला ‘हेड ऑब्जेक्ट’ची वेगळी हाक मारून तो वाचावा लागतो.

स्टेप फंक्शन्स (अनेक टास्क क्रमाने चालवणारी सेवा). सुरुवातीच्या इनपुटमध्ये आयडी द्या. पण टास्कचा निकाल आपोआप इनपुटच्या जागी बसतो, म्हणजे पहिल्या टास्कनंतर आयडी गायब. ‘रिझल्टपाथ’ लावून निकाल इनपुटच्या शेजारी ठेवला की आयडी टिकतो.

आणि पेमेंट गेटवे, ज्यावर आपलं काहीच चालत नाही. पैसे जमा झाल्याचा वेबहूक (गेटवेने आपणहून आपल्याला मारलेली हाक) येतो तेव्हा तुमचा हेडर त्यात नसतो. गेटवेला पाठवताना दिलेला तुमचा मागणी क्रमांक मात्र बहुतेक वेळा परत येतो. मागणी क्रमांक आणि कोरिलेशन आयडीची जोडी टेबलात ठेवा आणि वेबहूक आला की तिथून आयडी उचला. वाचकाचे पैसे गेले आणि पावती आली नाही, ही तक्रार याच सांध्यावर सर्वांत जास्त वेळा येते, म्हणून याला सगळ्यांत आधी हात घाला.

एकातून अनेक, अनेकांतून एक

एका मागणीतून पाच मेसेज निघाले तर पाचांनाही तोच आयडी द्या. उलट बाजूला, रात्री शंभर मागण्यांचा एक हिशेब बनवणारं फंक्शन असेल तर शंभरांपैकी कुणाचा आयडी घ्यायचा? कुणाचाच नाही. हिशेबाला नवा आयडी द्या आणि प्रत्येक मागणीसाठी एक ओळ लिहा, जिच्यात जुना आयडी आणि हिशेबाचा आयडी दोन्ही असतील.

पायरी ५: शोधा

क्लाउडवॉच लॉग्ज इनसाइट्समध्ये चारही लॉग ग्रुप निवडा. एका क्वेरीत ५० पर्यंत चालतात. मग तीन गोष्टी: वेळ, फंक्शन आणि संदेश ही फील्ड्स मागा, आयडीवर फिल्टर लावा, वेळेनुसार चढत्या क्रमाने लावा. ही क्वेरी सेव्ह करून सपोर्टच्या माणसाला दाखवून ठेवा, म्हणजे दर तक्रारीला डेव्हलपरला उठवावं लागत नाही.

हे चालायचं तर फील्डचं नाव सगळीकडे अक्षरशः एकच हवं. एका टीमने अंडरस्कोर घातला आणि दुसरीने उंटासारखी मधली अक्षरं मोठी केली, की फिल्टरला निम्म्या ओळी दिसत नाहीत आणि आपण भलत्याच फंक्शनला दोष देतो. एक फंक्शन पायथॉनच्या पॉवरटूल्सवर आणि दुसरं नोडमध्ये हाताने लिहिलेल्या लॉगरवर असेल तर हे नक्की तपासा.

लॉग ग्रुपची मुदत मूळ सेटिंगमध्ये ‘कधीच संपत नाही’ अशी असते आणि साठवणुकीचे पैसे लागतात. तक्रारी किती दिवसांपर्यंत येतात ते पाहून मुदत ठरवा.

एक्स-रे (विनंतीचा प्रवास टिपणारी एडब्ल्यूएसची सेवा) आहे मग हे कशाला, असंही विचारतात. एक्स-रे कुठे किती वेळ गेला ते सुरेख दाखवतो, तो जरूर चालू करा. पण मूळ नियमानुसार तो दर सेकंदाला पहिली विनंती आणि उरलेल्यांपैकी ५ टक्केच टिपतो. ज्याची पावती हरवली तो वाचक त्यात सापडेलच असं नाही. लॉगमध्ये मात्र तो असतो. एक्स-रेचा ट्रेस आयडी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळतो. तोही लॉगच्या ओळीवर छापला तर एकीकडून दुसरीकडे उडी मारता येते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडवर काम करणाऱ्यांना अ‍ॅप्लिकेशन इनसाइट्समधला ऑपरेशन आयडी यातलं बरंचसं आयतं देतो, पण बॅचचा आणि वेबहूकचा प्रश्न तिथेही उरतोच.

पायरी ६: साखळी तुटली की कळलं पाहिजे

आज जोडलेला सांधा पुढच्या रिलीजमध्ये सहज तुटतो, आणि आयडी नाही म्हणून कुठलंच फंक्शन बंद पडत नाही, त्यामुळे कुणाला कळतही नाही. स्टेजिंगवर एक चाचणी ठेवा: ठरलेल्या आयडीने एक मागणी पाठवायची, थोडं थांबायचं, आणि चारही लॉग ग्रुपमध्ये तो आयडी आलाय का ते क्वेरीने बघायचं. एकातही नसेल तर चाचणी नापास. थांबायची वेळ थोडी सैल ठेवा. क्यू, पुन्हा प्रयत्न आणि लॉग इनसाइट्समध्ये दिसायला लागणारा वेळ, सगळं त्यात धरायचं आहे.

प्रॉडक्शनमध्ये त्या ‘आयडी आला नव्हता’ वॉर्निंगवर मेट्रिक फिल्टर (अशा ओळी मोजणारा) लावा आणि आकडा शून्याच्या वर गेला की अलार्म येऊ द्या. आणि चाचणीच्या आयडीच्या सुरुवातीला ठरावीक शब्द जोडा, म्हणजे खऱ्या वाचकांचे लॉग बघताना ते एका फिल्टरने बाजूला काढता येतात.